तुकड्यांनी शिवलेली गोधडी : सांध्यांचा हिशेब

आपल्याकडची हाताची गोधडी जमिनीवर अंथरून, कडेपासून आत सरकत धावदोऱ्याने शिवली जाते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या स्त्रियांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, हीही अशीच कडेकडून मध्याकडे भरत जाते. या दोन्हींत सांध्याचा प्रश्न येत नाही, कारण खालचे कापड पहिल्यापासून अखंड असते. प्रश्न उभा राहतो तो मशीनपुढे बसल्यावर. घरगुती शिवणमशीनवर सुई आणि खांब यांच्यामध्ये साधारण ६-७ इंच जागा असते, आणि ५ फूट रुंदीच्या गोधडीचा मध्य सुईखाली आणायचा तर अडीच फुटांची गुंडाळी त्या जागेतून न्यावी लागते. म्हणून गोधडीचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग पृष्ठ, भरण आणि अस्तर अशा तिन्ही थरांसह आधी टिपून घ्यायचा आणि मग ते भाग जोडायचे. हे जोडायचे कसे, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

पहिल्या रीतीत टिपा कडेच्या इंचभर अलीकडे थांबवतात. मग दोन भागांची फक्त पृष्ठाची कापडे सुलट बाजू समोरासमोर धरून जोडायची, भरण असे कापायचे की दोन्हींच्या कडा एकमेकींना टेकतील पण एकीवर दुसरी चढणार नाही, आणि मागे एक अस्तर सपाट पसरून दुसऱ्याची कड दुमडून त्यावर हाताने हेम घालायची. सांधा पुढून दिसतच नाही, हे या रीतीचे मोठेपण. मात्र सांध्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा टिपांविना राहतो, आणि जोडल्यानंतर तिथे टिपा घातल्या नाहीत तर धुण्यात भरण नेमके तिथेच सरकते.

दुसरी रीत पट्ट्यांची, आणि ती मला अधिक भरवशाची वाटते. इथे टिपा थेट कडेपर्यंत नेता येतात. टिपांनी कापड आकसते आणि सगळे भाग सारखे आकसत नाहीत, म्हणून ते आधी इंचभर मोठे ठेवून टिपून झाल्यावर एका मापाने छाटावेत. पुढची पट्टी १ इंच रुंद घ्यावी. दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारी कड, गेली की अर्धा इंच पट्टी उरते, आणि तिच्याखाली दोन भागांच्या पाव-पाव इंचाच्या कडा बरोबर भिडतात. मागची पट्टी पावणेदोन इंचांची, लांबीत मधोमध दुमडलेली. ती पहिल्या भागाला पुढच्या पट्टीबरोबर एकाच टिपेत बसते, आणि पुढच्या पट्टीची दुसरी कड दुसऱ्या भागाला जोडली की मागची पट्टी सांध्यावरून पलीकडे नेऊन हेम करायची. मी पहिल्यांदा शोभेसाठी पुढची पट्टी दीड इंचाची घेतली होती. वरून ती सुरेख दिसत होती, पण हात फिरवला की प्रत्येक सांध्यात खळगा लागे, कारण पट्टीखाली अर्धा इंच जागा पोकळ राहिली होती. भरण जाड असेल तर पट्टी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाढवावी, त्याहून जास्त नाही.

तिसरी रीत अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातली, १९ व्या शतकापासूनची. तिला तिथे ‘पॉटहोल्डर’ म्हणतात, कारण प्रत्येक चौकोन गरम भांडे धरायच्या फडक्यासारखा चारही बाजूंनी गोट लावून पुरा करतात आणि मग गोटाला गोट लावून तिरक्या टाक्यांनी जोडतात. तिथल्या यादवी युद्धात सैनिकांसाठी शिवलेल्या काही गोधड्या याच रीतीच्या आहेत. अनेकींनी आपापल्या घरी एकेक चौकोन पुरा करायचा आणि शेवटी तेवढे जोडायचे, यासाठी ती उत्तमच.

एकटीने करायचे असेल तर मात्र आधी हिशेब मांडावा. ६० बाय ९० इंचांच्या गोधडीचे १५ इंची २४ चौकोन होतात. त्यांचे आतले सांधे मोजले तर उभे २७० आणि आडवे ३०० मिळून ५७० इंच, म्हणजे साडेसत्तेचाळीस फूट, आणि पहिल्या दोन्ही रीतींत एवढी हेम हाताने घालावी लागते. तिसऱ्या रीतीत प्रत्येक चौकोनाला ६० इंच याप्रमाणे १२० फूट गोट लागतो. एरवी बाहेरच्या कडेला २५ फुटांत भागते. त्याच गोधडीचे २० इंच रुंदीचे, पूर्ण लांबीचे तीनच पट्टे केले तर सांधे दोन आणि हेम १५ फूट. एवढा पट्टा गुंडाळून मशीनखालून सहज जातो. चौकोनांचा मोह मला समजतो, कारण एकेक पुरा होताना दिसतो. पण नक्षी चौकोनांचीच हवी असेल तर ती पृष्ठावर जोडावी आणि टिपण्यासाठी भाग पट्ट्यांचेच पाडावेत.

चौकोनच वेगवेगळे टिपायचे असतील तर वरच्या दुसऱ्या रीतीत आधी आडव्या ओळी पुऱ्या कराव्यात आणि मग ओळी लांब पट्टीने जोडाव्यात. दोन सांधे जिथे एकमेकांना छेदतात तिथे थर इतके साचतात की सुई मोडते. तेवढ्या जागी मशीन पायाने चालवू नये. चाक हाताने फिरवून एकेक टाका घ्यावा.