कर्नल अपडेट झाला आणि वायफाय गेलं

सुरुवात एका बिघाडापासूनच करते, कारण पॅकेजिंगमधलं (म्हणजे सॉफ्टवेअर युजरला सहज इन्स्टॉल करता येईल असं बांधून देण्यातलं) मी जे काही शिकले ते जवळजवळ सगळं त्या एका सकाळीतून निघालंय. माझ्याकडे एक यूएसबीचा वायफाय डोंगल होता, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा कोड, लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, नव्हता, बनवणाऱ्या कंपनीने सोर्सची एक झिप फाईल दिलेली, ती उघडली, मेक केलं (म्हणजे कोड कंपाइल केला), मेक इन्स्टॉल केलं, वायफाय सुरू, मी खूश. दोन-तीन आठवडे मस्त चाललं. मग एका रात्री नेहमीसारखं अपडेट केलं आणि सकाळी मशीन चालू करून बघते तर वायफायच नाही. आणि यातली पंचाईत बघा, ड्रायव्हर परत बिल्ड करायचा तर नव्या कर्नलचे हेडर्स (त्याच्या आतल्या रचना सांगणाऱ्या फाईल्स) हवेत, हेडर्स आणायला नेट हवं, आणि नेट त्याच ड्रायव्हरवर चालणार! ग्रबच्या, म्हणजे बूट होताना कर्नल निवडायच्या, मेनूत जुना कर्नल शिल्लक होता म्हणून निभावलं.

झालं काय होतं, तर लिब मॉड्यूल्स या डिरेक्टरीत प्रत्येक कर्नल व्हर्जनचं वेगळं घर असतं. माझं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा, इथे माझा ड्रायव्हर) जुन्या कर्नलच्या घरात जाऊन बसलेलं, नवा कर्नल स्वतःच्या घरात शोधत होता, तिथे काहीच नाही. मग कोणीही करेल तेच मी केलं, मॉड्यूलची डॉट केओ फाईल उचलून नव्या घरात कॉपी केली. मॉड्यूल लोड करणारं मॉडप्रोब म्हणालं 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट'. डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, बघितलं तर तिथे स्पष्ट लिहिलेलं की या मॉड्यूलचं व्हर्जन मॅजिक अमुक आहे, असायला हवं तमुक.

हे व्हर्जन मॅजिक नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. आपण साधा प्रोग्राम लिहितो तो कर्नलशी सिस्टम कॉलमधून बोलतो, आणि तो दरवाजा लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स आणि मंडळी डोळ्यात तेल घालून जपतात, दहा वर्षांपूर्वीचा प्रोग्राम आजच्या कर्नलवर चालायलाच पाहिजे असा तिथे दंडक आहे. मॉड्यूल मात्र दरवाज्यातून येतच नाही, ते थेट कर्नलच्या पोटात जाऊन बसतं, त्याच मेमरीत, त्याच अधिकारांनी. कर्नलमधल्या एखाद्या स्ट्रक्चरमध्ये कोणी एक नवीन फील्ड घातलं की पुढची सगळी फील्ड्स सरकतात, आणि जुन्या हेडर्सवर कंपाइल झालेलं मॉड्यूल आपलं जुन्याच जागी लिहीत राहतं, म्हणजे दुसऱ्याच कोणाच्या तरी डेटावर. म्हणून कर्नल आधीच विचारतो, तू कुठल्या व्हर्जनवर, कुठल्या सेटिंग्जवर बनलास? एसएमपी (अनेक प्रोसेसरची सोय) आहे का, प्रीएम्प्ट (चालू काम मध्येच थांबवायची सोय) आहे का, हे सगळं त्या एका ओळीत असतं. कर्नलच्या कॉन्फिगमध्ये मॉडव्हर्जन्स नावाचं सेटिंग चालू असेल तर त्याहून बारीक तपासणी होते, प्रत्येक एक्स्पोर्ट केलेल्या सिम्बॉलचा (मॉड्यूल्सना वापरायला दिलेल्या फंक्शनचा किंवा व्हेरिएबलचा) सीआरसी, म्हणजे तपासणीचा आकडा, काढलेला असतो आणि तो जुळला नाही तर 'डिसॅग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल' असं म्हणून मॉड्यूल परत पाठवतात. मॉडप्रोबला फोर्स करायचा पर्याय आहे, कळकळीने सांगते, वापरू नका. तपासणी गप्प केल्याने स्ट्रक्चर बदलत नाही, फक्त क्रॅश पुढे ढकलला जातो, आणि तो क्रॅश फाईलसिस्टमचा डेटा बिघडवून पण होऊ शकतो.

आता हेडर्स आणून मी परत मेक केलं, तर कंपाइलच होईना. तो कर्नल होता ५.६, आणि त्यात प्रॉक फाईल्ससाठी (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाईल्ससाठी) फाईल ऑपरेशन्सच्या जागी प्रॉक ऑप्स नावाचं वेगळंच स्ट्रक्चर आलेलं. हे असं सतत होतं. ४.१५ मध्ये सेटअप टायमर गेलं, त्याच्या जागी टायमर सेटअप वापरावं लागलं. ५.० मध्ये ॲक्सेस ओके या मॅक्रोचं पहिलं आर्ग्युमेंट काढून टाकलं. ५.७ पासून कॉलसिम्स लुकअप नेम मॉड्यूल्सना मिळेनासं झालं. ६.४ मध्ये क्लास क्रिएटचं एक आर्ग्युमेंट गेलं. कर्नलच्या आत कुठलाही स्थिर इंटरफेस ठेवणार नाही हे त्यांचं जाहीर धोरण आहे, कर्नलचे एक मुख्य देखभालकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्यावर लिहिलेलं टिपण कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच ठेवलंय. मला आधी याचा फार राग यायचा. पण जो ड्रायव्हर कर्नलच्या झाडात, म्हणजे त्याच्या मुख्य सोर्समध्ये, आहे त्याचा कोड इंटरफेस बदलणारा माणूस स्वतःच दुरुस्त करून देतो, म्हणून ते झाड इतकी वर्षं साफ राहिलंय, हे पटल्यावर राग गेला. झाडाबाहेर राहणाऱ्याला मात्र दर नव्या व्हर्जनला स्वतः धावावं लागतं, आणि तो धावणारा माणूस बहुतेक वेळा पॅकेजर असतो.

बिल्डची प्रक्रिया म्हणाल तर छोटी आहे. मेकफाईलमध्ये (मेकला सूचना देणाऱ्या फाईलमध्ये) ऑब्ज-एम या ओळीत तुमच्या ऑब्जेक्टचं नाव, आणि मेकला सांगायचं की चालू कर्नलच्या बिल्ड डिरेक्टरीत जा आणि माझं हे फोल्डर बाहेरचं मॉड्यूल म्हणून धर. एक चूक मात्र मी फार मेकफाईल्समध्ये बघते, आत युनेम डॅश आर लिहिलेलं असतं, म्हणजे आत्ता चालू असलेला कर्नल. पॅकेज बिल्ड होतं ते बिल्ड सर्व्हरवर, तिथे कुठला कर्नल चालू आहे याच्याशी युजरचा काही संबंध नाही. अपडेटच्या वेळी पण तेच, नवीन कर्नल डिस्कवर आलाय पण चालू जुनाच आहे, आणि आपल्याला बिल्ड करायचंय नव्यासाठी. कर्नल व्हर्जन बाहेरून देता आलं पाहिजे, हा पॅच मी प्रत्येक ड्रायव्हरला पहिल्यांदा मारते.

मग पॅकेज करायचं कसं? एक रस्ता म्हणजे डिस्ट्रोच्या (डेबियन, फेडोरा अशा लिनक्सच्या तयार संचाच्या) प्रत्येक कर्नलसाठी तयार मॉड्यूल बांधून द्यायचं. युजरला कंपायलर लागत नाही, आणि बिल्ड फसलं तर ते आपल्याकडे फसतं, त्याच्या मशीनवर नाही, माझं मत विचाराल तर जमेल तिथे हेच करा. पण दर कर्नलला परत बांधायचं आणि रिपॉझिटरीत दोन्ही एकाच वेळी सोडायचं, एक दिवसाचा उशीर म्हणजे कोणाचं तरी वायफाय गेलं. रेड हॅटच्या एंटरप्राइझवाल्यात हे जरा सुसह्य आहे, तिथे ठराविक सिम्बॉल्सचा केएबीआय (मॉड्यूलला दिसणारी कर्नलची आतली बांधणी) एका मेजर व्हर्जनभर जपतात, त्यामुळे तेच मॉड्यूल पुढच्या कर्नलच्या घरात सिमलिंक (मूळ फाईलकडे बोट दाखवणारी खूण) करून चालवता येतं. (मॉडव्हर्जन्स असलं की व्हर्जन मॅजिकमधला कर्नल नंबर तुलनेत धरला जात नाही, सीआरसीवर भरवसा ठेवतात, म्हणून हे शक्य होतं.)

दुसरा रस्ता डीकेएमएस, डेलच्या लोकांनी २००३ च्या सुमारास आणलेला. आपण मॉड्यूल नाही, सोर्स पॅकेज करायचा, तो युजरकडे यूएसआर एसआरसी मध्ये जातो, सोबत डीकेएमएस डॉट कॉन्फ नावाची छोटी फाईल, आणि नवीन कर्नल इन्स्टॉल झाला की हुक (आपोआप सुरू होणारी स्क्रिप्ट) चालतो आणि मॉड्यूल तिथल्या तिथे बिल्ड होतं. फेडोराच्या बाजूला एकेमॉड्स साधारण हेच काम करतं, फक्त मॉड्यूलचं आरपीएम (फेडोराच्या बाजूचं पॅकेज) बनवून इन्स्टॉल करतं. माझी ती सकाळ यानेच वाचली असती. म्हणजे, हेडर्स असते तर. इथेच लोक फसतात, युजरने एका विशिष्ट कर्नलचे हेडर्स टाकलेले असतात, कर्नल पुढे जातो, हेडर्स मागे राहतात, डीकेएमएस एक ओळ छापून गप्प बसतं आणि अपडेटच्या शेकडो ओळींत ती ओळ कोण वाचणार. डेबियनवर लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ असं मेटापॅकेज (दुसरी पॅकेजेस ओढून आणणारं पॅकेज) आहे, ते कर्नलसोबत पुढे सरकतं, युजरला तेच टाकायला सांगा. आणि बिल्ड फेल झालं तर व्हार लिब डीकेएमएस च्या आत मेक डॉट लॉग असतो, बग रिपोर्टमध्ये पहिल्यांदा तो मागा, 'चालत नाही' एवढ्यावरून काही कळत नाही.

सिक्युअर बूट (सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर अजून एक पायरी. मॉड्यूलवर सही लागते, आणि सहीची किल्ली युजरच्या मशीनला मान्य असावी लागते, ती मॉकयुटिल या कमांडने नोंदवायची, तो एक तात्पुरता पासवर्ड विचारतो आणि पुढच्या बूटला एक निळी स्क्रीन येते. ती स्क्रीन काही सेकंदच थांबते. माणसाला आधी सांगितलेलं नसलं की तो घाबरून कंटिन्यू दाबतो, किल्ली नोंदली जात नाही, आणि मग 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. कोड बरोबर, बिल्ड बरोबर, पॅकेज बरोबर, तरी ड्रायव्हर बंद, फक्त चार ओळी सांगायच्या राहिल्या म्हणून. पॅकेजसोबतच्या सूचना लिहिणं हे मला कोड लिहिण्याइतकंच मोठं काम वाटतं.

बाकी पॅकेजिंगचे नियम साध्या सॉफ्टवेअरचेच. डेस्टडिर (फाईल्स वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचं सेटिंग) वापरा, मेक इन्स्टॉलला खऱ्या सिस्टममध्ये हात घालू देऊ नका. बिल्ड कायम कोऱ्या क्रूटमध्ये (बाकी सिस्टमपासून वेगळ्या केलेल्या जागेत) करा, डेबियनवाले एसबिल्ड किंवा पीबिल्डर वापरतात, फेडोरावाले मॉक, कारण तुमच्या मशीनवर दोन वर्षांत काय काय जमलंय ते तुम्हालाच आठवत नाही, आणि राहून गेलेली बिल्ड डिपेंडन्सी तिथेच उघडी पडते.

पण सोर्स कुठून घेताय यावर थोडं थांबते. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरने जाहीर केलं की एक्सझेड या फाईल्स दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, आहे. एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढ्यावरून त्यांनी माग काढला. आपल्यासाठी त्यातली महत्त्वाची गोष्ट ही की बॅकडोअर जागं करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये (कोडच्या सगळ्यांना दिसणाऱ्या इतिहासात) नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या बांधलेल्या गठ्ठ्यात) होती, आणि ती आधी बघायची की हे डेबियनचं किंवा आरपीएमचं पॅकेज बिल्ड चाललंय का. म्हणजे निशाणा आपल्यासारख्या पॅकेजरवरच धरलेला. तेव्हापासून मी टारबॉल आणि गिटचा टॅग यांचा डिफ (फरक) काढल्याशिवाय नवीन व्हर्जन घेत नाही, ऑटोटूल्सने (बिल्डची तयारी करणाऱ्या साधनांनी) बनवलेल्या फाईल्सची रास असते, वेळ जातो, तरी काढते. मॉड्यूलच्या बाबतीत तर जास्तच, कारण ते कर्नलच्या पोटात बसणार.

शेवटी त्या डोंगलचं काय झालं ते सांगते. मी त्याचं डीकेएमएस पॅकेज केलं, काही वर्षं पॅच मारत सांभाळलं, मग त्या चिपचा नव्याने लिहिलेला ड्रायव्हर कर्नलच्या झाडातच आला. मला वाटलं आता माझं काम संपलं, पॅकेज काढून टाकावं. पण रिपॉझिटरीतून काढल्याने लोकांच्या मशीनवरून ते जात नाही, आणि डेपमॉड (कुठलं मॉड्यूल कुठे आहे याची यादी बनवणारा) शोधताना अपडेट्स नावाची डिरेक्टरी आधी बघतो, डेबियनवर डीकेएमएसची मॉड्यूल्स तिथेच असतात, त्यामुळे त्याच नावाचा चांगला नवा ड्रायव्हर असूनही माझा जुनाच लोड होत राहिला असता. म्हणून एक शेवटचं व्हर्जन काढलं, डीकेएमएस डॉट कॉन्फमध्ये बिल्ड एक्सक्लूझिव्ह कर्नल हे सेटिंग लावून नव्या कर्नलवर बिल्डच होऊ नये असं केलं, चेंजलॉगमध्ये कारण लिहिलं, आणि दोन मशीनवर, एक जुन्या कर्नलचं आणि एक नव्या, अपडेट करून रीबूट करून बघितलं. दोन्हीकडे वायफाय आलं, मग अपलोड केलं.