टलीच्या जंगलातले पहिले पंधरा दिवस

(दृश्य : पहाटेच्या अंधुक उजेडातलं दाट जंगल. पानांवरून ठिबकणारं पाणी.)

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात टली नावाचं एक छोटं गाव आहे. उसाची शेती आणि धो धो पाऊस ही त्याची ओळख. 1950 साली इथे वर्षभरात जवळपास आठ मीटर पाऊस पडला होता. आंबोलीचा पावसाळा ज्यांनी अंगावर घेतलाय, त्यांना या आकड्याचा अंदाज येईल.

याच टलीजवळच्या जंगलात ऑगस्ट 2002 मध्ये ब्रिटनमधली आठ नावाजलेली माणसं राहायला आली. नजरेनं चमचे वाकवणारा म्हणून गाजलेला युरी गेलर, माजी जगज्जेता मुष्टियोद्धा नायजेल बेन, लंडनच्या उच्चभ्रू पार्ट्यांमधली तारा पामर-टॉमकिन्सन आणि रेडिओ निवेदक टोनी ब्लॅकबर्न ही त्यांतली काही. आयटीव्ही वाहिनीच्या या कार्यक्रमाचं नाव होतं ‘आय अ‍ॅम अ सेलिब्रिटी, गेट मी आउट ऑफ हिअर!’ सूत्रसंचालक होते अँट आणि डेक.

जंगलात माणसं सोडून चित्रीकरण करायची कल्पना तेव्हा नवी नव्हती. चार्ली पार्सन्स या ब्रिटिश निर्मात्याच्या कल्पनेवरून स्वीडनमध्ये 1997 साली ‘एक्स्पेडिशन रॉबिन्सन’ सुरू झालं. त्याचाच अमेरिकी अवतार ‘सर्व्हायव्हर’ 2000 साली सीबीएस या तिथल्या वाहिनीवर आला आणि तिथला उन्हाळा त्यानं गाजवला. पण ती सगळी तुमच्याआमच्यासारखी माणसं होती. बेटावर टिकून राहिलात तर दहा लाख डॉलर. टलीत आलेल्यांकडे नाव आधीच होतं, आणि प्रेक्षकांच्या फोनमधून उभा राहणारा पैसा धर्मादाय संस्थांना जायचा होता. मग इथे डावाला काय लागलं होतं?

जेवण.

(दृश्य : धुरकट चूल, काळं पडलेलं पातेलं.)

रोजचा शिधा म्हणजे थोडा भात आणि थोडे बीन्स. याहून जास्त हवं असेल, तर एकानं जाऊन परीक्षा द्यायची : किड्यांमध्ये, सापांजवळ, उंचावर. तिथे जेवढे ‘स्टार’ मिळतील, तेवढ्याच जणांचं जेवण. परीक्षेला कोण जाणार, हे घरी सोफ्यावर बसलेले प्रेक्षक फोन करून ठरवत. मला या कार्यक्रमाचं सगळं बळ या एका नियमात दिसतं. घाबरून मध्येच थांबलेला माणूस स्वतः हरून सुटत नसे. त्याला रिकाम्या हातानं तळावर परतावं लागे, आणि तिथे सकाळपासून भुकेली असलेली माणसं त्याच्याकडे बघत असत. नाव कितीही मोठं असो, त्या क्षणी त्याचा काही उपयोग नसे.

या नियमात क्रौर्यही होतं, आणि ते आपलं होतं, बघणाऱ्यांचं. जो जास्त घाबरतो त्यालाच पुन्हा पाठवायचं, ही खोड प्रेक्षकांना लवकरच लागली. ती अजूनही सुटलेली नाही.

थेट प्रक्षेपणामुळे वेळेचं गणित उलटं होतं. लंडनमध्ये रात्रीचे नऊ वाजले की क्वीन्सलँडमध्ये सकाळचे सहा. ब्रिटन जेवून निवांत बसलेलं असताना, ही मंडळी रिकाम्या पोटी, पारोशी, प्रेक्षकांच्या मतांवर आज कोण बाहेर जाणार हे ऐकायला उभी.

पहिला बाहेर पडला तो युरी गेलर. आणि लोकांनी डोक्यावर घेतलं ते टोनी ब्लॅकबर्नला. 1967 साली बीबीसीचं रेडिओ वन सुरू झालं, तेव्हा त्यावरून ऐकू आलेला पहिला निवेदक हाच. पुढे मात्र तो मागे पडत गेला होता. जंगलात त्यानं केलं काय? लाकडं गोळा केली. रोज. ओंडके आणायचे, नीट रचायचे, चूल विझू द्यायची नाही. 8 सप्टेंबरला तो विजेता ठरला. तारा दुसरी आली. व्यसनमुक्तीचे उपचार घेतलेली, वर्तमानपत्रांनी चघळून टाकलेली ही तरुणी पंधरा दिवस रडताना, हसताना, चिडताना दिसली आणि लोकांना आपलीशी वाटली. 2017 साली ती गेली. ब्रिटनमध्ये तिची आठवण निघाली की हे जंगलही आठवतं.

दुसऱ्या वर्षी तळ न्यू साउथ वेल्समध्ये हलला. 2003 चा विजेता आपल्या क्रिकेटवेड्यांच्या ओळखीचा : फिल टफनेल. वानखेडेवर विनोद कांबळीनं 224 धावा झोडल्या, त्या 1993 च्या कसोटीत गोलंदाजी करणारा डावखुरा फिरकीपटू. 42 कसोट्या, 121 बळी. क्रिकेट सोडून तो थेट जंगलात गेला, आणि तिथून त्याची दूरचित्रवाणीवरची दुसरी कारकीर्द उभी राहिली.

त्याआधी, 2002 च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये सीबीएस कोर्टात गेली होती. अमेरिकेत एबीसी ही दुसरी वाहिनी हा कार्यक्रम आणणार होती, आणि सीबीएसच्या मते ती ‘सर्व्हायव्हर’ची नक्कल होती. जानेवारी 2003 मध्ये न्यायाधीश लोरेटा प्रेस्का यांनी मनाई हुकूम नाकारला. ‘सर्व्हायव्हर’चा बाज गंभीर, याचा हसराखेळता, दोन्हींतले घटक टीव्हीवर आधीपासून चालत आलेले, असं त्यांचं म्हणणं होतं.

(दृश्य : मलेशियातलं जंगल.)

भारतात हे रोप 2009 मध्ये आलं. सोनीवर ‘इस जंगल से मुझे बचाओ’, चित्रीकरण मलेशियात. घराघरात ओळखीची श्वेता तिवारी त्यात होती. जिंकली मात्र मोना वासू, तिच्या मानानं कितीतरी कमी ओळखीची अभिनेत्री.