स्लॅबवरचा पत्रा

(ड्रोनमधून वाडी. माडांच्या शेंड्यांमधून डोकावणारी छपरं.)

मालवण-कुडाळकडची कुठलीही वाडी घ्या. वरून पाहिलं की आधी रंग अंगावर येतात. शेवाळलेली लाल कौलं, त्यांना खेटून निळा पत्रा, मध्येच एक पोपटी बंगला, पलीकडे जांभळा. ठरवून कुणी इतकं विजोड बांधणार नाही. पण इथे प्रत्येक घरात पैसा वेगळ्या काळी आला. एक घर सुपारीच्या उत्पन्नावर उभं राहिलं, एक मुंबईच्या गिरणीतल्या पगारावर, एक आखातातल्या नोकरीवर. भिंती ज्यानं त्यानं हव्या तशा घातल्या. छपराच्या बाबतीत मात्र मालकाचं फारसं चालत नाही.

(जुनं घर. खळं, पडवी, ओटी.)

हे जांभ्याचं घर. खाणीतून नुकताच निघालेला चिरा तासायला मऊ असतो, वारा लागला की घट्ट होतो. वर मंगलोरी कौलं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथली कौलं किनाऱ्याकिनाऱ्यानं सगळीकडे पोचली. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस. एवढ्या पाण्याला छपरावर टेकायला जागाच मिळू नये, असा हा उतार. पडवी इतकी खाली आणलेली की उंच पाहुण्याचं कपाळ वाशाला लागतं. पण झड भिंतीपर्यंत पोचत नाही.

मग लोकांनी हे का सोडलं? कौलारू घरांचे फोटो टाकून हळहळणाऱ्यांनी एकदा मे महिन्याच्या उन्हात कौलं परतायला वर चढून पाहावं. वाशांना वाळवी. माकडांची टोळी एका उडीत चार कौलं फोडते. आणि छपरावर चढणारा माणूस आता सहजी मिळत नाही.

(नवा बंगला. गच्ची.)

म्हणून स्लॅब आला. सपाट, पक्का, शहरासारखा. काही पावसाळे गेले की छताला ओल धरते. ‘पाणी खंयसून येता तांच कळना नाय!’ मग डांबर, मग दुकानदारानं सुचवलेलं केमिकल, मग फरशीचे तुकडे. शेवटी लोखंडी खांब उभे करून गच्चीवर उतरता पत्रा. म्हणजे छपरावर छप्पर, आणि खर्च दोनदा.

नावं ठेवणारे ठेवतात. मला विचाराल तर या घराची सगळ्यात चांगली जागा हीच, पत्र्याखालची. इथे आमसुलं सुकतात, सुपारी पसरतात, भर पावसात कपडे वाळतात, गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या गाद्या पडतात. आर्किटेक्टच्या नकाशात ती बहुधा नव्हतीच.

(रायगडचा किनारा. मोडलेली नारळी-पोफळीची बाग.)

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-मुरुड पट्ट्यात कौलं उडाली, पत्रेही उडाले. स्लॅब टिकले. त्यानंतर कौलं सोडून स्लॅब घालणाऱ्याला काय म्हणून बोल लावायचा?

त्याच जिल्ह्यात, अलिबागजवळ नांदगावला, माडांच्या बागेत एक वेगळंच घर आहे: पामायरा हाउस. आर्किटेक्ट बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’नं ते २००७ मध्ये पूर्ण केलं. लाकडी सांगाड्याच्या दोन लांबट इमारती, बाहेरून ताडाच्या लाकडाच्या झडपा. वारा आत, ऊन बाहेर. वास्तुकलेसाठीच्या आगा खान पुरस्काराच्या २०१० च्या अंतिम यादीपर्यंत ते पोचलं. घर देखणंच आहे. फक्त गावातला माणूस ज्या लाकडाच्या निगेला कंटाळून सिमेंटकडे वळला, ते लाकूड इथे हौसेनं परत आलंय. निगा राखायला पैसा असला की हौस परवडते.

(फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. वेल्डिंगच्या ठिणग्या.)

सध्या तिसराच प्रकार जोरात आहे. भिंती चिऱ्याच्या, छपराचा भार पेलणाऱ्या तिकोनी कैच्या लोखंडी पाइपांच्या, वर मंगलोरी कौलं. पुष्कळदा ती पाडलेल्या जुन्या घरांतून विकत घेतलेली. वाळवीची चिंता मिटली. खाऱ्या हवेत पाइप मात्र गंजतो, तेव्हा ऑइलपेंटचा डबा दर दोन-तीन वर्षांनी आणावा लागतो. माकडांवर अजून कुणाकडे तोडगा नाही. काही जण कौलांवर जाळी मारतात. माकडं त्या जाळीवर बसतात.