समुद्र शेजारी, पाणी पाठीवर

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय लिशियन वे बद्दल, म्हणजे तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर फेथियेपासून अंताल्यापर्यंत जाणारी पायवाट. लिशिया हे या भागाचं प्राचीन नाव. सगळी मिळून साधारण 540 किलोमीटर. केट क्लो नावाच्या एका ब्रिटिश बाईंनी तिथे राहून जुन्या वाटा शोधल्या, एकाला एक जोडल्या, दगडांवर लाल-पांढऱ्या पट्ट्या मारल्या आणि 1999 साली ही वाट लोकांसाठी खुली झाली. वाटा मात्र त्यांच्या कितीतरी आधीच्या, काही रोमन काळातल्या, काही योरुक लोकांच्या, म्हणजे शेळ्यामेंढ्या घेऊन उन्हाळ्यात डोंगरावर आणि हिवाळ्यात किनाऱ्यावर येणारे धनगरच म्हणा ना.

फोटो बघितलेत तर निळाशार समुद्र दिसतो, आणि लोकांना वाटतं बीचवरून रमतगमत चालायचंय. तसं अजिबात नाहीये. सुरुवातीलाच ओलुदेनिझ गावाच्या डोक्यावर बाबादाग डोंगर उभा आहे, 1969 मीटर, आणि तो समुद्रातूनच वर आल्यासारखा दिसतो, मधे सपाटी अशी नाहीच. वाट त्याच्या कुशीतून चढत जाते, खाली पॅराग्लायडर उतरताना दिसतात, पायाखाली घसारा, एका बाजूला कडा. सह्याद्रीत ट्रॅव्हर्स मारायची, म्हणजे उतारावरून आडवं जायची, सवय असेल तर पाय बसतात, पण दगड वेगळा आहे. आपला बसाल्ट काळा आणि गोलसर झिजलेला, तिथली चुनखडी पांढरट राखाडी, पावसाने खाऊन खाऊन कडा ब्लेडसारख्या झालेल्या, पडलात तर हात सोलून निघतो. बुटाचा सोल जाड पाहिजे, ते पातळ रनिंग शूज आठवडाभरात संपतात.

पण दगडाचं खरं म्हणणं हातापायाशी नाही, पाण्याशी आहे, आणि आज मला मुख्य तेच सांगायचंय. दिवसभर समुद्र डोळ्यासमोर असतो आणि प्यायला घोटभर पाणी नसतं. चुनखडीला भेगा असतात, पावसाचं पाणी त्या भेगा अजून विरघळवून मोठ्या करतं आणि सरळ आत निघून जातं, वर ओढा वाहतच नाही. आपल्याकडे एखाद्या किल्ल्यावर एप्रिलमधेही कातळातलं टाकं भरलेलं सापडतं कारण तो कातळ पाणी धरून ठेवतो. इथे नुसतं खोदून भागत नाही, आतून गिलावा करायला लागतो, वर छप्पर घालायला लागतं, कारण मे ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ नाहीच आणि ऊन पस्तिशीच्या वर जातं.

म्हणून वाटेवर जागोजागी हौद दिसतात. दगडी घुमट, जमिनीतून अर्धा वर आलेला, बाजूला एक छोटं दार किंवा खिडकी, आत अंधार आणि गार हवा. उस्मानी काळात पुण्य म्हणून लोक हे बांधायचे, वाटसरूंसाठी, गुराख्यांसाठी. उतारावरचं पावसाचं पाणी आत यायची सोय केलेली असते, घुमटामुळे वाफ कमी होते, आणि तोंडाशी कुठे कुठे दोरी बांधलेला प्लास्टिकचा डबा ठेवलेला असतो. कोण ठेवतं माहीत नाही पण ठेवतं कोणीतरी. त्या डब्याला मला हात लावताना नेहमी बरं वाटायचं, शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसाची सोय आज गावातला कोणीतरी चालू ठेवतोय म्हणून. पाणी मात्र तसंच पिऊ नका, फिल्टर नाहीतर गोळ्या हव्यातच, त्यात पानं पडलेली असतात, बेडूक असतात, शेळ्या आसपास असतात. आणि शरद ऋतूत गेलात तर हौद तळाला गेलेले असतात, नकाशावर निळा ठिपका आहे म्हणून भरवसा ठेवू नका, आदल्या गावात विचारून घ्या.

रोमन लोकांनी हाच प्रश्न कसा सोडवला ते पाताराजवळ बघायला मिळतं. पातारा म्हणजे मोठं बंदर, आता वाळूत गेलंय, तिथला 18 किलोमीटरचा किनारा कासवं अंडी घालतात म्हणून जपलेला आहे. लिशियातल्या शहरांचा संघ होता, मोठ्या शहराला तीन मतं, मधल्याला दोन, लहानाला एक, आणि त्यांचं सभागृह इथेच आहे, ते बघाच. पण मी तर म्हणेन त्याच्याही आधी डोंगरातला जलमार्ग बघा. पाणी लांबच्या झऱ्यातून कालव्याने आणलं, आणि वाटेत एक खिंड लागली. तिथे त्यांनी खिंडीत जाड दगडी भिंत बांधली आणि भिंतीच्या माथ्यावर चौकोनी दगड ओळीने ठेवले, प्रत्येक दगडाला आरपार गोल भोक, एकाचं टोक दुसऱ्यात बसणारं. दगडाचा पाइप! पाणी एका बाजूने खाली उतरतं आणि दाबाने दुसऱ्या बाजूने परत वर चढतं, पंप वगैरे काही नाही. पहिल्या शतकातलं काम आहे, भूकंपात पडलं होतं ते सम्राट व्हेस्पेशियनच्या काळात परत उभं केलं, तसं तिथल्या शिलालेखातच आहे. लिशियन वे या भिंतीपाशीच येतो, तिकीट नाही, गार्ड नाही, त्या भोकात हात घालून बघता येतो आणि आत पाण्याने धरलेला चुन्याचा थर अजून लागतो हाताला.

पुढे कालकान, काश. गेल्या शतकात गाडीरस्ता होईपर्यंत या गावांचा खरा रस्ता समुद्रच होता. काशजवळ उलुबुरुनला 1982 मधे स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला एक बुडालेलं जहाज सापडलं, ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकातलं, त्यात साधारण दहा टन तांबं आणि एक टन कथील, म्हणजे ब्राँझ करायला लागतं त्याच प्रमाणात. वरून आपण चालत असतो ती टोकं एवढी सरळ पाण्यात घुसलेली आहेत की जहाजं का फुटली असतील ते बघूनच कळतं. काशला बुयुक चाकिल नावाच्या छोट्या बीचवर पोहायला उतरा, कोमट पाण्यात मधेच एकदम बर्फासारखा गार पट्टा लागतो, मी दचकलो होतो. ते डोंगरात मुरलेलं गोडं पाणी, खाली भेगांमधून समुद्रात निघतंय. वर माणूस पाण्यावाचून चालतोय आणि खाली तेच पाणी खाऱ्यात मिसळतंय!

केकोवाचे बुडालेले जिने आणि भिंती, सिमेनाला पाण्यात उभी असलेली दगडी शवपेटी, हे सगळं सुंदरच आहे, त्याबद्दल खूप लोकांनी सांगितलंय, मी थांबत नाही.

मात्र गेलिदोन्या या समुद्रात घुसलेल्या टोकाबद्दल सांगितलंच पाहिजे. कराओझहून दीपगृहापर्यंत आणि तिथून आद्रासानपर्यंतचा टप्पा हा माझ्या मते अख्ख्या वाटेतला सगळ्यात देखणा. दीपगृह 1936 सालचं, समुद्रापासून 227 मीटर उंचावर, समोर ओळीने छोटी बेटं. पाइनची झाडं, उन्हात तापलेल्या डिंकाचा वास, पायाखाली सेज आणि ओव्यासारख्या वासाची रानटी झुडपं. आणि पाण्याच्या भरवशाची जागा म्हणाल तर नाही. माणशी चार-पाच लिटर उचला, सॅक जड होईल, होऊदे. पहाटे उजेड फुटताच निघा, दुपारी झाडाखाली बसा. टोकावर तंबू टाकायचा असेल तर रात्रीच्या स्वयंपाकाचं पाणी वेगळं धरा. आणि आग पेटवू नका, कृपा करून. 2021 च्या उन्हाळ्यात मुगला आणि अंताल्या प्रांतात जंगलं कशी पेटली होती ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय, ही पाइनची जंगलं एका ठिणगीने जातात.

आद्रासाननंतर ओलिंपोस, चिराली, तिथे डोंगरातून मिथेन वायू येतो आणि हजारो वर्षं खडकातच ज्वाळा जळतायत, रात्री चढून जा. आणि मग उलुपिनार. इतके दिवस पाणी मोजून प्यायलेला माणूस तिथे पोचतो तेव्हा आधी आवाज येतो, धबाधब पाण्याचा. वरच्या चुनखडीने गिळलेलं पाणी इथे झऱ्यांनी बाहेर पडतं, एवढं की हॉटेलवाल्यांनी प्रवाहावरच लाकडी माचे टाकलेत, तुम्ही ट्राउट मासा खाताय आणि खालून पाणी वाहतंय. मोजे काढून पाय सोडून बसा तासभर.

तिथून वाट ताहताली डोंगराकडे चढते, बेयजिक गाव सोडून खिंडीत साधारण 1800 मीटरवर, एप्रिलमधेही तिथे बर्फ असू शकतो. सगळी वाट एका दमात करायची काहीच गरज नाही, दोल्मुश म्हणजे शेअर मिनीबस बहुतेक गावांना लागतात, आठवड्याचा तुकडा निवडा. पान्सियोन म्हणजे राहायला घरगुती खोल्या मिळतात, रात्रीचं जेवण नि सकाळचा नाश्ता घरचाच, आणि निघताना आजी बाटल्या भरून देतात, नाही म्हणू नका, सगळ्या भरून घ्या. मार्च ते मे, नाहीतर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, एवढेच महिने. जूनचं तिकीट स्वस्त दिसलं तरी काढू नका.