टपाखालचं वेल्डिंग

हा टप बघा. ते लांबलचक नाक, मागची ती उंच विंग, सगळं नंतर बघू, आधी फक्त हा टप. बाकी गाडी केशरी, आरशासारखी चकचकीत, आणि टप मात्र काळा, खरखरीत, जुन्या सोफ्याच्या रेक्झिनसारखा. ही १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड, १:१८ स्केलचं मॉडेल, खरी गाडी साडेपाच मीटरपेक्षा लांब आणि ही ३१ सेंटिमीटर, हातात घेतली की पहिल्यांदा वजनच जाणवतं.

तर टप असा का? त्या काळी नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या, रेसमध्ये गाडी उतरवायची तर तीच गाडी शोरूममध्येही विकायला लागायची, नियम होता, म्हणून प्लिमथनं घाईघाईत १,९०० हून जास्त सुपरबर्ड बनवल्या. मागच्या काचेभोवती हवा नीट सरकावी म्हणून पत्र्याचा एक जास्तीचा तुकडा वेल्ड केला, आणि ते जोड भरून, घासून गुळगुळीत करत बसायला ना वेळ होता ना बजेट, मग सरळ वरून व्हायनिल चढवलं, झालं काम. प्रत्येक सुपरबर्डला. तिच्या आधीची डॉज चार्जर डेटोना, त्या फक्त ५०३ बनल्या, तिथं मात्र जोड व्यवस्थित घासून रंगवलेत, म्हणून डेटोनाचा टप साधा रंगाचाही असतो.

म्हणजे काय, की चांगलं मॉडेल ती घाईसुद्धा जपून ठेवतं. मला वाटतं डिटेलचा खरा अर्थ हाच आहे, दरवाजे किती उघडतात वगैरे मोजत बसण्यात काही नाही. कारखान्यात त्या दिवशी काय घडलं ते त्या ३१ सेंटिमीटरमध्ये दिसलं पाहिजे.

बरं मसल कार, म्हणजे मधल्या साइझच्या गाडीत दांडगं इंजिन, हे प्रकरणच मुळात नियमाला वळसा घालून सुरू झालं. जनरल मोटर्सचा नियम होता की मधल्या साइझच्या गाडीत ३३० क्युबिक इंचापेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. जनरल मोटर्सच्याच पाँटियाकमध्ये इंजिनियर जॉन डिलोरियन आणि त्याच्या टीमनं काय केलं, १९६४ च्या टेम्पेस्ट लेमान्समध्ये ३८९ क्युबिक इंचाचं, म्हणजे ६.४ लिटरचं व्ही-८ टाकलं आणि कागदावर ते वेगळं मॉडेल न दाखवता नुसतं ऑप्शन पॅकेज म्हणून विकलं, जीटीओ. पहिल्याच वर्षी ३२,४५० गेल्या. मग सगळेच त्या शर्यतीत उतरले, आणि १९७० च्या शेव्हेल एसएसमध्ये ४५४ क्युबिक इंचाचं, ४५० हॉर्सपॉवरचं इंजिन आलं. नंतर प्रदूषणाचे कायदे, इन्शुरन्सचे वाढलेले हप्ते, १९७३ चं तेलसंकट, आणि आटोपलं सगळं. जेमतेम दहा वर्षांचा खेळ.

आता बॉनेट उघडूया. जो इथं चुकला त्याचं मॉडेल मी घेत नाही, कितीही स्वस्त मिळो. इंजिनाच्या रंगावरनंच घराणं कळतं, पाँटियाक फिकट निळं, शेवरोले केशरी, आणि क्रायस्लरचं, म्हणजे प्लिमथ-डॉजच्या मूळ कंपनीचं, ४२६ हेमी इंजिन पण केशरीच, पण हेमीमध्ये स्पार्क प्लग बाजूला नसतात, वायरी थेट व्हॉल्व्ह कव्हरच्या मधोमध आत जातात. हे बघा, आठ वायरी, केसाएवढ्या जाड, आणि प्रत्येक आपापल्या भोकात. काही मॉडेलमध्ये हे सगळं एकाच काळ्या प्लास्टिकच्या गोळ्यात उरकलेलं असतं. आणि हल्ली रेझिनची सीलबंद मॉडेलं येतात, काही उघडतच नाही, बॉडीच्या रेषा अप्रतिम असतात हे मान्य, पण मसल कारचं इंजिनच दिसणार नसेल तर मग काय बघायचं?

बॉडी झमॅकची. जस्त, त्यात थोडं अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, तांबं. ४०० अंशांच्या आतच वितळतो हा मिश्रधातू, आणि दाब देऊन स्टीलच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये भरतात, म्हणून डायकास्ट. जस्तात शिसं मिसळलेलं राहिलं की मात्र कीड लागते, इंग्रजीत झिंक पेस्ट म्हणतात, पेस्ट म्हणजे कीडच, धातू आतून फुगतो, तडे जातात आणि काही वर्षांनी बिस्किटासारखा चुरा होतो, त्यावर औषध नाही. रंगाच्या खाली बारीक फोड दिसले तर तो पीस घेऊ नका, खरंच नका घेऊ.

या छंदाची एक वाट शेतातनं येते हे मला फार आवडतं. आयोवामध्ये १९४५ साली फ्रेड अर्टल यांनी घरच्या भट्टीत अ‍ॅल्युमिनियम वितळवून खेळण्यातले ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, पुढं डायर्सव्हिल गावात कारखाना उभा राहिला, आणि त्याच अर्टल कंपनीनं १९९० च्या दशकात १:१८ ची अमेरिकन मसल सिरीज काढली. आज ती जरा ओबडधोबड वाटतात, दरवाज्यांच्या बिजागऱ्या कुत्र्याच्या मागच्या पायासारख्या वाकड्या, बाहेर येतात, पण कितीतरी लोकांचं पहिलं मॉडेल तेच आहे. माझंही.

दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर खऱ्या गाड्या निघतात, १९९५ पासून. मी फोन घेऊन जातो आणि उघड्या बॉनेटचे फोटो काढतो, मालक लोक हौसेनं दाखवतात, आणि घरी येऊन एकेक होज पाईप मॉडेलशी ताडून बघतो, त्यात पहाट होते कधीकधी.

सुपरबर्ड तेव्हा शोरूममध्ये पडून राहिल्या होत्या, गिऱ्हाईकच मिळेना, काही डीलरनी तर नाक आणि विंग काढून प्लिमथच्याच साध्या रोड रनरसारख्या करून विकल्या. माझ्या शेल्फवर ती उलटी ठेवलीय, पाठ बाहेर. येणारा माणूस विचारतोच, नाक तिकडं का केलंय, मग मी टॉर्च घेतो आणि त्याला मागच्या काचेजवळ व्हायनिलची शिवण दाखवतो.