पिशवीतून नदीत

तिलापिया या माशाची मादी अंडी तोंडात उबवते. म्हणून थायलंडच्या हॅचरीत, म्हणजे माशांची पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रात, मादी धरतात, जबडा उघडतात आणि अंडी भांड्यात काढून घेतात. पिल्लांना पहिले तीनेक आठवडे संप्रेरक मिसळलेलं खाद्य मिळतं. मग जवळजवळ सगळे नर होतात आणि भराभर वाढतात. त्यानंतर ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, आणि बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, निघाली परगावी. कधी परदेशी.

आपल्या उजनीच्या काठावर जिला चिलापी म्हणतात, तिच्याच घराण्यातला हा मासा.

२०१५-१६च्या सुमारास थायलंडमधल्या नद्यांतल्या तरंगत्या पिंजऱ्यांत मासे मरू लागले. बोटुकली सोडून महिनाही होत नाही तोच! अंगावर लाल चट्टे, खपाटीला गेलेले मासे. कुठे शंभरातले वीस गेले, कुठे नव्वद.

कारण निघालं तिलापिया लेक व्हायरस. इस्राएलमधल्या किनेरेट सरोवरातले मासे कमी होत असताना तो हाती लागला आणि २०१४मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली.

आता खरा प्रश्न: तो पसरला कसा? थाई संशोधकांनी हॅचऱ्यांमधले जपून ठेवलेले जुने नमुने तपासले. २०१२च्या नमुन्यांतही विषाणू होता. म्हणजे पिंजऱ्यांतली मर दिसण्याच्या कितीतरी आधीपासून तो पिशव्यांतून प्रवास करत होता. अशा हॅचऱ्यांतली पिल्लं चाळीसहून अधिक देशांत गेली असावीत, असा इशारा त्यांनीच दिला. आपल्याच देशाच्या निर्यातीबद्दल असं लिहायला धाडस लागतं.

पुढे प्रयोगांत दिसलं, की विषाणू आईबापांकडूनच पिल्लांत उतरतो. अंडी नुसती धुऊन भागत नाही.

आणि पिंजऱ्याची जाळी? ती मासा अडवते, पाणी नाही. मलेशियातल्या तिमाह तासोह जलाशयात हा विषाणू मिळाला तो चक्क तिथल्या नैसर्गिक माशात, आणि तो मासा तिलापियाही नव्हता. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरातही त्याच्या खुणा सापडल्या. भारतात पश्चिम बंगाल आणि केरळमधल्या शेततळ्यांतली नोंद २०१८ची.

माणसाला या विषाणूचा धोका नाही. माशाला मात्र लागण झाल्यावर औषध नाही.

हॅचरीतली टाकी उपसता येते, निर्जंतुक करता येते, बाधित जोड्या बाजूला काढता येतात. जलाशय कोण उपसणार? म्हणून विषाणूचा अंश शोधणारी पीसीआर चाचणी पिशवी बांधण्याआधी व्हायला हवी, आणि तीही ठणठणीत दिसणाऱ्या माशांची.