कोरड्या हवेतला गंज

(सोलापुरातील नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

गंजाचा विषय निघाला की आपल्याकडे एक उत्तर हमखास ऐकू येते : हा प्रश्न मुंबईचा आणि कोकणाचा, सोलापूरच्या उन्हात लोखंडाला काय होणार? समुद्राची खारी हवा लोखंड लवकर खाते, हे खरेच आहे. गोव्यात मांडवीवरचा पूल १९७० साली खुला झाला आणि जुलै १९८६ मध्ये, अवघ्या सोळा वर्षांत, कोसळला. त्याच्या काँक्रीटमधल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. पण १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळ्याजवळ जो गंजलेला लोखंडी पूल गर्दीच्या भाराने पडला आणि चार माणसे दगावली, तो इंद्रायणीवर होता. तिथे समुद्र नाही. कोरड्या मुलखात गंज चढत नाही ही समजूत गेल्याशिवाय आपल्या जुन्या टाक्या, पूल आणि इमारती वाचवण्याचा विचार सुरूच होणार नाही, म्हणून आज मी बराचसा वेळ याच मुद्द्याला देणार आहे.

काँक्रीटमधली सळई सुरक्षित राहते ती मुख्यतः सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे. चांगल्या काँक्रीटचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप) साडेबारा ते तेराच्या घरात असतो आणि तेवढ्या अल्कलीत सळईवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, घट्ट थर तयार होतो. तो शाबूत आहे तोवर सळई जवळजवळ गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत शिरत राहतो, सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग पावतो आणि सामू नऊच्या खाली आणतो. या क्रियेला कार्बोनेशन म्हणतात. छिद्रे पाण्याने भरलेली असतील तर वायू आत सरकत नाही, आणि काँक्रीट ठार कोरडे असेल तर रासायनिक क्रियेपुरतीही ओल मिळत नाही. म्हणून कार्बोनेशन सर्वांत वेगाने होते ते साधारण ५० ते ७० टक्के आर्द्रतेत. म्हणजे सतत ओल्या राहणाऱ्या काँक्रीटपेक्षा कधी भिजणाऱ्या आणि बराच काळ वाळणाऱ्या काँक्रीटमध्ये हा वायू अधिक खोल जातो.

अल्कली संपली तरी गंज चढायला पाणी लागतेच, आणि ते पाणी आपण स्वतः पुरवतो. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते, म्हणून घरोघरी जमिनीखाली हौद आणि गच्चीवर टाक्या असतात. पाण्याच्या दिवशी टाकी भरून वाहते, स्लॅब भिजतो, छज्जाखाली ओल उतरते, आणि पुढचे चार दिवस ऊन ते सगळे वाळवून टाकते. पाऊस कमी पडणाऱ्या या शहरात गच्चीवरच्या टाकीखालचा स्लॅब वर्षभर असा आलटूनपालटून भिजतो आणि वाळतो. गंजाला याहून सोयीची परिस्थिती क्वचितच मिळते. त्यातच अनेक बांधकामांना बोअरचे पाणी वापरले जाते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे सळई असलेल्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात क्लोराइड, म्हणजे मिठासारखे क्षार, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. क्लोराइड तो संरक्षक थर जागोजागी फोडतात, आणि अल्कली शिल्लक असतानाही सळईला खड्डे पाडतात. बोअरच्या पाण्याची तपासणी स्वस्त असते, तरीही ती बहुधा होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कार्बोनेशन कुठवर पोचले आहे, हे पाहण्याची चाचणी सोपी आहे आणि प्रत्येकाने एकदा तरी ती स्वतः पाहावी. छज्जाच्या कडेला छिन्नीने काँक्रीटचा ताजा तुकडा काढायचा, धूळ झटकायची आणि फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारायचे. जिथे अल्कली शिल्लक आहे तो भाग क्षणात गडद गुलाबी होतो. बाहेरच्या बाजूचा पट्टा मात्र राखाडीच राहतो. त्या रंगहीन पट्ट्याची जाडी फूटपट्टीने मोजता येते. सळई अजून गुलाबी भागात असेल तर आपल्या हातात वेळ आहे. ती राखाडी पट्ट्यात आलेली असेल तर बाहेर एकही तडा नसला तरी तिचे संरक्षण संपलेले आहे.

हा पट्टा वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, आणि या साध्या गणितात बांधकामाच्या आयुष्याचा बराचसा हिशेब दडलेला आहे. समजा दहा वर्षांत तो १० मिलिमीटर आत गेला. मग २० मिलिमीटरपर्यंत जायला त्याला चाळीस वर्षे लागतील. याचा अर्थ असा, की २० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ठरलेले असताना ते अंतर राखणारे कव्हर ब्लॉक न लावल्यामुळे किंवा काँक्रीट ओतताना मजूर जाळीवरून चालल्यामुळे सळई शटरिंगकडे (साच्याकडे) १० मिलिमीटर सरकली, तर आयुष्य निम्मे होत नाही, चौथ्या हिश्शावर येते. नव्या काँक्रीटवर पाणी मारण्यात (क्युरिंगमध्ये) केलेली कुचराई तर पृष्ठभागच सच्छिद्र ठेवते, आणि नेमका तोच सळईचा एकमेव आडोसा असतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये गोणपाट न गुंडाळता सकाळ-संध्याकाळ पाइप मारणे म्हणजे क्युरिंग नव्हे.

सार्वजनिक कामांत मला सर्वाधिक काळजी वाटते ती उंच जलकुंभांची. लोक खालचे खांब पाहतात. पण अशा टाकीत धोका बहुधा पाण्याच्या पातळीच्या वर, झाकणाच्या घुमटाच्या आतल्या बाजूस असतो. तिथे क्लोरीनयुक्त वाफ गार होऊन थेंब धरते, भरपूर हवा असते, आणि तो भाग वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. जमिनीखालच्या नळांची गोष्ट वेगळी आहे. काळी माती ओली झाली की गंजाच्या क्रियेतली वीज सहज वाहू देते, म्हणून पोलादी पाइप तिच्यात लवकर गंजतो. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि सांध्यांवर ताण येतो. बिडाचे जुने पाइप तर फसवे असतात : लोखंड निघून जाते, ग्राफाइट उरते, आकार जसाच्या तसा दिसतो आणि चाकूने खरवडला तर पेन्सिलीसारखा काळा भुगा पडतो. पाणी खंडित येत असल्याने पाइप आतूनही कधी भरलेला, कधी रिकामा राहतो आणि आतला गंज वाढतो.

जमिनीखालच्या पोलादी पाइपांच्या गंजावरचा उपाय फार जुना आहे. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली ब्रिटिश आरमारासाठी, जहाजाच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडले की तांब्याऐवजी ते झिजतात, असे दाखवून दिले. आज जमिनीखालच्या पोलादी पाइपला तारेने जोडून मॅग्नेशियमचे ॲनोड, म्हणजे पाइपऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, पुरतात, ते याच तत्त्वावर. ते झिजले की बदलायचे. पाइपवरचा लेप आणि हे ॲनोड दोन्ही असतील आणि त्यांची नोंद ठेवणारा माणूस असेल, तर पोलादी वाहिनी अनेक दशके टिकते. नोंद ठेवणारा माणूस नसेल, तर ॲनोड संपल्याचे वाहिनी फुटल्यावरच कळते.

आता दुरुस्ती. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असते, त्यामुळे सळईचा अगदी पातळ थर गंजला तरी काँक्रीट तडकते आणि पोपडे पडतात. आपल्याकडे त्यावर गिलावा मारून रंग दिला जातो, म्हणजे तपासणीची खूणच पुसली जाते. त्याहून वाईट म्हणजे, फक्त पोपडा निघालेल्या जागी नवे काँक्रीट भरले की तिथली सळई सुरक्षित होते आणि लगतच्या जुन्या काँक्रीटमधली सळई ॲनोड बनून गंजू लागते. क्लोराइड असलेल्या बांधकामात काही वर्षांतच ठिगळाच्या भोवती नवे तडे दिसतात. म्हणून सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट फोडावे लागते, गंज वायर ब्रशने किंवा ब्लास्टिंगने (वाळूच्या जोरदार फवाऱ्याने) स्वच्छ धातू दिसेपर्यंत काढावा लागतो, झिजलेल्या सळईला जोड द्यावी लागते, आणि मुळात गळती थांबवावी लागते. हे खर्चिक आहे. डी सिटर या अभियंत्यांनी १९८४ साली पाचाचा नियम मांडला : बांधताना वाचवलेल्या एका रुपयाचे वेळेवर देखभाल केली तर पाच, दुरुस्तीपर्यंत थांबलो तर पंचवीस, आणि पुनर्बांधणीपर्यंत थांबलो तर सव्वाशे होतात. नेमके आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे येतील, पण त्यांचा क्रम बदलत नाही.

तीस वर्षांवरच्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीची तरतूद महानगरपालिका कायद्यात आहे, परंतु अहवाल आल्यावर सोसायटीच्या सभेत चर्चा होते ती बहुधा फक्त एकूण रकमेची. माझी विनंती अशी, की अंदाजपत्रक हाती आल्यावर कार्बोनेशन किती खोल आढळले, क्लोराइड किती निघाले आणि पाणी कुठून येते ते शोधले का, हे आधी विचारावे आणि उत्तरे लेखी घ्यावीत. काम सुरू झाल्यावर सळई उघडी असताना, लेप लावण्यापूर्वी, प्रत्येक जागेचे फोटो फूटपट्टीसह काढून सोसायटीच्या दप्तरात ठेवावेत. पुढच्या तपासणीला येणाऱ्या अभियंत्याला त्यांवरूनच कळेल, की गंज थांबला आहे की नुसता झाकला गेला आहे.